एका देहातील दोन विषाणू

(जागतिक हिपॅटायटिस दिनाच्या निमित्ताने, वस्त्यांमध्ये आरोग्यविषयक काम करणारे कार्यकर्ते आणि नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



वैद्यकीय विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी कुणाच्या मनात आला असेल, तर तो योग्यच आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. सारे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडला तो बातमीदार म्हणूनच. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण तो माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. एका सहकाऱ्याच्या मृत्यूमधून आलेला आहे. त्यांच्या जाण्यानंतर मी जे वाचले, जाणत्या डॉक्टरांना जे विचारले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आमच्या कचेरीत एक मुद्रितशोधक होते. वयाने माझ्याहून थोडे लहान. शुद्धलेखनातला त्यांचा अधिकार असा, की ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली की संपादकही त्यांच्याच टेबलापाशी जात. २००५ साली त्यांना एचआयव्हीची बाधा असल्याचे निदान झाले. ही बाधा कशी झाली, हे आम्ही कधी विचारले नाही आणि आजही तो प्रश्न मला गैरलागू वाटतो. शासकीय केंद्रांतून मोफत औषधे मिळू लागून जेमतेम वर्ष झाले होते. त्यांनी ती निष्ठेने घेतली. वजन वाढले, खोकला गेला, ते रात्रपाळीला परतले. आम्ही मनाशी म्हटले, संकट टळले.

२००९च्या पावसाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. कुणी म्हणाले, गढूळ पाणी बाधले. कुणी म्हणाले, इतक्या गोळ्या घेतल्यावर यकृत तक्रार करणारच. शेजाऱ्यांनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. उसाचा रस झाला, पथ्यपाणी झाले, दोन महिने गेले आणि मग पोटात पाणी साठू लागले. तेव्हा कुठे एका तरुण डॉक्टरांनी विचारले, ‘यांची हिपॅटायटिस बीची तपासणी कधी केली होती?’ फाईल चाळली. चार वर्षांच्या कागदांत त्या तपासणीचा कागद नव्हता. तपासणी झाली. तो विषाणू त्यांच्या देहात कदाचित एचआयव्हीच्याही आधीपासून मुक्कामाला होता. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला त्या वेळी नीटशी समजली नाही. ‘यांच्या गोळ्यांमधले एक औषध या विषाणूवरही चालते. चार वर्षे ते पोटात जात असताना विषाणू इतका माजलेला आहे, म्हणजे त्याने आपले रूप बदलले असणार.’

२०१०च्या संक्रांतीनंतर आठवड्याभरात ते गेले. विषाणू रूप बदलतो म्हणजे काय करतो, या एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर आहे.

अठ्ठावीस जुलै का?

प्रथम या दिवसाविषयी. २८ जुलै हा डॉ. बारूख ब्लुमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाचा जन्मदिवस. १९२५ साली जन्मलेल्या या संशोधकाला कावीळ शोधायचीच नव्हती. एकच रोग काहींना गाठतो आणि काहींना सोडून देतो, या भेदाचे मूळ आनुवंशिकतेत आहे काय, हा त्यांचा अभ्यासविषय. त्यासाठी ते देशोदेशींच्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमवीत. अनेकदा रक्त घ्यावे लागलेल्या न्यूयॉर्कमधील एका रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांनी, ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तातील अनोळखी प्रथिनाला पकडले. त्याला नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. आपल्याकडील जुनी डॉक्टर मंडळी आजही या तपासणीला याच नावाने ओळखतात. पुढे उलगडा झाला, की हे प्रथिन म्हणजे ब प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे बाह्य आवरण. या कार्यासाठी ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या आवरणाच्या प्रथिनापासूनच लस तयार झाली. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना ती देण्यास प्रारंभ केला आणि काही वर्षांतच तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण ठळकपणे घटले. एका लशीने कर्करोग टाळल्याचे हे पहिले मोठे उदाहरण. परदेशी लशीची किंमत भारतीय कुटुंबाला झेपणारी नव्हती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. कंपनीचे संस्थापक वरप्रसाद रेड्डी यांनी कंपनीला नाव दिले होते ते आपल्या आईचे.

एवढे हाती असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोकांच्या देहात हा विषाणू ठाण मांडून होता. त्यातले सुमारे ३ कोटी भारतात. बहुतेकांना त्याची गंधवार्ता नाही. हा विषाणू घाईत नसतो. वीस-तीस वर्षे तो यकृतात मुकाट राहू शकतो.

मुद्रितशोधक नसलेला छापखाना

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला एक लिखित आदेश. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा हा आदेश अवघ्या ३,२०० अक्षरांचा आहे. माणसाची जनुकीय संहिता सुमारे ३०० कोटी अक्षरांची. एचआयव्हीचीदेखील जवळजवळ दहा हजारांची. एवढ्याशा मजकुरात हा विषाणू आपला सारा संसार चालवतो.

यकृताच्या पेशीत शिरल्यावर तो आपल्या प्रती काढतो. त्याची पद्धत चमत्कारिक आहे. त्याचा मूळ मजकूर डीएनएमध्ये असतो. त्याची प्रथम आरएनएमध्ये नक्कल होते आणि त्या नकलेवरून पुन्हा डीएनए तयार होतो. आरएनएवरून डीएनए लिहिण्याच्या या उलट्या क्रियेचा शोध १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी लावला. हे काम करणाऱ्या विकराला एक खोड आहे: तो लिहिलेले तपासून पाहत नाही. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करतात तेव्हा चुकलेले अक्षर तिथल्या तिथे खोडून दुरुस्त करण्याची सोय असते. या विषाणूच्या छापखान्यात मुद्रितशोधकच नाही. आणि सक्रिय संसर्गात दररोज निघणाऱ्या प्रती अब्जावधी.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही. एका पोथीच्या दहा नकला झाल्या की दहा पाठभेद तयार होतात. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याचा खटाटोप नाथमहाराजांना करावा लागला तो याचसाठी. विषाणूच्या पोथीला असा शुद्धीकर्ता मिळत नाही. म्हणून रुग्णाच्या देहात विषाणूची एकच एक प्रत नसते. किंचित वेगवेगळ्या पाठांचा मोठा जमाव असतो.

हे पाठभेद पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले आणि त्यांची घराणी पडली. मजकुरात ८ टक्क्यांहून अधिक फरक असेल तर शास्त्रज्ञ तो वेगळा जनुकप्रकार मानतात. ए पासून जे पर्यंत असे दहा प्रकार आज नोंदले गेले आहेत. भारतात प्रामुख्याने ए आणि डी, तर पूर्वेकडील भागांत सी आढळतो. अरुणाचल प्रदेशातील एका जनजातीच्या रक्तात, व्हिएतनाम आणि लाओसमध्ये दिसणाऱ्या आय या मिश्र प्रकाराशी जुळणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ओळखला.

हे सारे प्रयोगशाळेतले कुतूहल आहे, असे कुणी समजू नये. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा परिसरात ब प्रकारच्या काविळीची भीषण साथ आली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुण्याच्या याच संस्थेने रुग्णांचे विषाणू तपासले, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. एक, नीट निर्जंतुक न केलेल्या सुया. दुसरी, विषाणूच्या मजकुरातील ठरावीक जागी झालेले बदल, ज्यांचा संबंध आजाराच्या तीव्रतेशी जोडला गेला. माणसाच्या हलगर्जीपणाने विषाणूला वाट दिली आणि बदललेल्या विषाणूने ती वाट अधिक घातक केली.

दोन विषाणूंची गाठ

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या प्रवासाच्या वाटा सारख्या आहेत: दूषित रक्त, दूषित सुई, शरीरसंबंध आणि आईकडून बाळाला. म्हणून दोघे एकाच देहात भेटतात, यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार एचआयव्हीसह जगणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे सात जणांना हिपॅटायटिस बीचीही बाधा असते. जगात अशी माणसे सुमारे २७ लाख आहेत. आपल्या देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या घरात आहे आणि महाराष्ट्र या बाबतीत दुर्दैवाने आघाडीवर आहे. म्हणजे हा विषय आपल्या दारातला आहे.

या भेटीतून काय होते? निरोगी प्रौढाला हिपॅटायटिस बीची लागण झाली, तर शंभरातले पंचाण्णव जण त्याला स्वतःहून परतवून लावतात. एचआयव्ही मात्र प्रतिकाराचे सेनापती असलेल्या सीडी-४ पेशींनाच मारतो. सेनापतीविना फौज गोंधळते. मग हिपॅटायटिस बीचा विषाणू देहात कायमचा वस्तीला राहण्याची शक्यता वाढते, रक्तातील त्याची संख्या वाढते आणि यकृताची हानी वेगाने होते. अमेरिकेतील पुरुषांच्या एका मोठ्या, दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. यकृताच्या विकाराने होणारे मृत्यू दर हजार व्यक्तिवर्षांमागे, केवळ हिपॅटायटिस बी असणाऱ्यांत ०.८, केवळ एचआयव्ही असणाऱ्यांत १.७ आणि दोन्ही असणाऱ्यांत १४.२ इतके आढळले. ०.८ आणि १.७ यांची बेरीज अडीच होते. इथे मात्र उत्तर चौदा येते. दोन शत्रू एकत्र आले की त्यांचे बळ बेरजेने वाढत नाही, हे या आकड्यांनी मला शिकवले.

रूपबदलाच्या दृष्टीनेही या रुग्णांचे विषाणू वेगळे वागतात. पाठभेद निर्माण होतात अपघाताने. टिकतात ते चाळणीतून पार पडल्यावर. चाळण्या दोन आहेत. पहिली प्रतिकारशक्तीची, दुसरी औषधाची. एरव्ही प्रतिकारशक्तीच्या चाळणीतून निसटणारे प्रकार पुढे येतात. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती क्षीण केली की ही चाळणी सैल पडते. पहारेकरीच झोपला तर चोराला वेषांतराची गरज उरत नाही. अशा देहात विषाणूचे रूप घडवण्याचे काम मुख्यतः दुसरी चाळणी करते, म्हणजे औषध.

आणखी एक विलक्षण गोष्ट. जी नावाच्या जनुकप्रकाराची ओळख २००० साली पटली. हा प्रकार युरोप-अमेरिकेतील एचआयव्हीबाधितांमध्ये विशेष करून आढळला. त्याच्या मजकुरात एके ठिकाणी ३६ अक्षरे अधिक आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी असे विराम पडले आहेत की एक महत्त्वाचे प्रथिन त्याला बनवताच येत नाही. म्हणून तो बहुधा ए सारख्या दुसऱ्या प्रकाराच्या सोबतीने राहतो. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसावा, तशी ही जोडी. फ्रान्समधील अभ्यासात, एचआयव्हीच्या जोडीला हा प्रकार असणाऱ्यांचे यकृत अधिक प्रमाणात निबर झालेले दिसले.

लॅमिवुडिनचा धडा

आता ‘गोळ्यांमधले एक औषध’ याकडे येऊ. ते औषध म्हणजे लॅमिवुडिन.

एचआयव्हीसुद्धा त्याच उलट्या लेखनाच्या विकरावर जगतो. त्यामुळे एकाच्या लेखणीत खडा घालणारे औषध दुसऱ्याच्याही लेखणीत खडा घालते. लॅमिवुडिनला अमेरिकेत १९९५ साली एचआयव्हीसाठी आणि १९९८ साली हिपॅटायटिस बीसाठी मान्यता मिळाली. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी स्टॅवुडिन, लॅमिवुडिन आणि नेव्हिरापिन या तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. त्यापूर्वी असा उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे जाई. एका भारतीय कंपनीच्या या पावलाने आफ्रिका-आशियातील लक्षावधी लोकांचे प्राण वाचले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशातही शासनाने मोफत उपचार सुरू केले.

पण त्या तीन औषधांपैकी हिपॅटायटिस बीवर चालणारे औषध एकच होते. एचआयव्हीशी तिघे मिळून लढत होते. हिपॅटायटिस बीशी लॅमिवुडिन एकटेच झुंजत होते. एकट्या औषधाला चकवणे विषाणूला सोपे जाते. त्याच्या लेखणीच्या विकरात चार अमिनो आम्लांची एक नाजूक जागा आहे. तेथील २०४ क्रमांकाचे मेथिओनिन जाऊन व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन आले, की लॅमिवुडिन त्या जागी नीट बसतच नाही. एचआयव्हीच्या विकरातही हीच चार आम्लांची जागा आहे आणि लॅमिवुडिनला चकवताना तोही तेथील मेथिओनिनच बदलतो. दोन अगदी वेगळ्या कुळांतले विषाणू, आणि पळवाट एकच!

फ्रान्समधून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की दोन्ही बाधा असलेल्या आणि लॅमिवुडिन घेणाऱ्या रुग्णांपैकी दोन वर्षांत सुमारे निम्म्या आणि चार वर्षांत सुमारे ९० टक्के रुग्णांत हिपॅटायटिस बीचा विषाणू औषधाला जुमानेनासा झाला. चार वर्षे! आमच्या मुद्रितशोधकांची औषधे सुरू झाल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत एवढाच काळ गेला होता.

यात खलनायक कुणी नव्हता. औषध चांगले होते, देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, घेणाऱ्याची निष्ठा निर्दोष होती. एक साधी तपासणी तेवढी राहून गेली होती.

एक अक्षर, दोन अर्थ

या रूपबदलाचा परिणाम एकट्या रुग्णापुरता राहत नाही. संस्कृतमध्ये विलोमकाव्याची परंपरा आहे. सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्यकवींचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ डावीकडून वाचावे तर रामकथा, उजवीकडून वाचावे तर कृष्णकथा. अशा काव्यात रामकथेतले एक अक्षर बदलले, तर कृष्णकथेतलेही बदलणारच. कारण अक्षरे सामायिक आहेत. हिपॅटायटिस बीच्या विषाणूने आपल्या तोकड्या मजकुरात अशीच काटकसर केली आहे. तो उलट्या दिशेने वाचला जात नाही, एवढाच फरक. तीच अक्षरे एका जागेपासून वाचली तर लेखणीच्या विकराचा पाठ मिळतो; एक अक्षर सरकवून वाचली तर बाह्य आवरणाचा.

म्हणजे औषधाला चकवण्यासाठी लेखणीत केलेला बदल आवरणातही उमटू शकतो. आणि आपली लस कशावर बेतलेली आहे? त्याच आवरणावर. तपासणी काय शोधते? तेच आवरण. लॅमिवुडिन दीर्घकाळ घेतलेल्या, एचआयव्हीबाधित रुग्णांमध्ये शास्त्रज्ञांना तीन बदलांचा एक संच सापडला. या विषाणूचे आवरण असे बदललेले असते, की लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे प्रयोगशाळेत त्याला पूर्वीसारखी घट्ट पकडू शकत नाहीत. काही एचआयव्हीबाधितांत तर नेहमीच्या तपासणीत आवरण सापडत नाही, पण विषाणूचा डीएनए रक्तात असतो. याला प्रच्छन्न बाधा म्हणतात. तिच्यामागे इतर कारणांबरोबर आवरणातील असे बदलही असू शकतात.

यावर घाबरून जाण्याचे कारण नाही. लशीला चकवणारा आवरणातला बदल इटलीतील एका लसीकृत बालकात १९९० सालीच नोंदला गेला होता. त्याला तीन दशके उलटून गेली, तरीही लस जगभर प्रभावी ठरते आहे. ‘विषाणू बदलतो, मग लस कशाला?’ असा अर्थ कुणी काढील तर तो घातक ठरेल. खरा अर्थ इतकाच, की अर्धवट उपचार हा रुग्णाचा खासगी प्रश्न नसतो. एका देहात नकळत घडलेला बदल उद्या दुसऱ्या देहात जाऊ शकतो.

आज काय करायचे?

चित्र आता पुष्कळ पालटले आहे. टेनोफोविर हे औषध दोन्ही विषाणूंवर चालते, लॅमिवुडिनला न जुमानणाऱ्या हिपॅटायटिस बीलाही ते आवरते आणि त्याला चकवणारे प्रकार अत्यंत विरळ आहेत. दोन्ही बाधा असणाऱ्यांना टेनोफोविरयुक्त उपचार द्यावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली केली. आज शासकीय केंद्रांत बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी मिळते. दिवसाला एकच गोळी आणि दोन्ही शत्रूंवर वचक. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत.

मग आपल्यासारख्यांनी करायचे काय? मी चार गोष्टी सांगतो.

पहिली. एचआयव्हीचे निदान झालेल्या प्रत्येकाला विचारा, ‘हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का? कागद आहे का?’ नसेल तर त्याला केंद्रावर घेऊन जा. पती अथवा पत्नी आणि मुले यांचीही तपासणी करा. ज्यांना बाधा नाही त्यांना लस द्या. एचआयव्हीबाधितांत लस कधी कमी लागू पडते. त्यांना दुप्पट मात्रा द्यावी का आणि नंतर रक्तातील प्रतिपिंडे मोजावीत का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

दुसरी. ज्याला दोन्ही बाधा आहेत त्याने औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. एकाएकी गोळ्या थांबल्या की दबलेला हिपॅटायटिस बी उसळतो आणि क्वचित यकृत निकामी होते. मूत्रपिंडाच्या त्रासामुळे किंवा अन्य कारणाने औषध बदलायचे असेल, तरी ‘माझ्या काविळीच्या विषाणूचे काय?’ हा प्रश्न रुग्णाने विचारलाच पाहिजे. आता टेनोफोविर नसलेले दोन औषधांचे उपचार आणि काही आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शने जगात येत आहेत. सोयीची आहेत, पण हिपॅटायटिस बी असणाऱ्याच्या बाबतीत एकट्या लॅमिवुडिनची जुनी चूक, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकही औषध नसण्याची चूक, त्यातून घडू शकते. नव्या वेष्टनात जुनी चूक विकत घेऊ नये.

तिसरी. जन्मतःच बाधा झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वद जणांत ती कायमची होते. म्हणून बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लशीची पहिली मात्रा आणि मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या मात्रा मिळाल्याच पाहिजेत. वस्तीतल्या गर्भवती भगिनींची यादी आपल्याकडे असते. त्या यादीत ही एक रकाना वाढवा. इंजेक्शनची सुई पाकिटातून डोळ्यांसमोर काढलेली हवी, केशकर्तनालयातले पाते नवे हवे, जत्रेत गोंदवून घेताना तीच सुई दहा हातांवर फिरता कामा नये. हा विषाणू देहाबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो आणि एचआयव्हीपेक्षा पन्नास ते शंभर पट अधिक संसर्गक्षम आहे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड. एका पंगतीत जेवल्याने, हातात हात दिल्याने यातला कुठलाही विषाणू पसरत नाही. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास २०१७च्या अधिनियमाने मनाई केली आहे, आणि हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंतच येतो. आत आपल्याला जावे लागते.

शेवटी पुन्हा आमच्या मुद्रितशोधकांकडे येतो. त्यांच्या आजाराचे नाव कळल्यावर कचेरीतल्या काहींनी त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला वेगळा केला. ते काही बोलले नाहीत. स्वतःचाच पेला घरून आणू लागले. मला आज वाटते, एचआयव्ही या एका शब्दाने आम्ही सारे इतके दिपून गेलो होतो, की त्यांच्या देहात दुसरे काही असू शकेल हे कुणाच्या मनातही आले नाही. भीतीने पेला वेगळा करणारे आणि सहानुभूतीने ‘संकट टळले’ म्हणणारे, दोघांनीही त्या माणसाकडे पूर्ण पाहिले नाही. त्या दुसऱ्या गटात मी होतो.

त्यांच्या पत्नीची आणि मुलाची तपासणी नंतर आम्ही करवून घेतली. दोघेही दोन्ही विषाणूंपासून मुक्त निघाले. लशीच्या तिन्ही मात्रा त्यांनी घेतल्या. मुलगा आता नोकरीला लागला आहे.

ते मला नेहमी सांगत, की मुद्रित तपासताना ओळखीचा शब्द सर्वांत धोक्याचा. डोळा त्यावरून घसरतो आणि शेजारची चूक तशीच छापून जाते. उद्या आपल्यापैकी कुणी एखाद्या रुग्णाची फाईल हातात घेईल, तेव्हा ओळखीच्या शब्दावर न थांबता शेजारचा रकाना पाहावा. तो रिकामा असेल, तर दुसऱ्या दिवसावर न टाकता तो भरून घ्यावा. इतकेच मागणे आपल्यापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.